कॉलरमधलं हिरवं पान

"थांब! तनिष, मागे घे! अजून मागे... अजून... पॉज!"

जोआना इतक्या जोरात ओरडली की तनिषच्या हातातला रिमोट सटकला आणि थेट सोफ्याखाली गेला.

"अगं, झालं काय? गोल तर झालाच नाही!"

"गोल नकोय मला. त्याची कॉलर बघ!"

टीव्हीवर ग्रुनहाफेनचा गोलकीपर टिल थांबला होता. ग्रुनहाफेन हा जर्मनीतला दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब. दर जानेवारीत तिकडे बर्फ पडला की ही टीम सरावाला दुबईत येते. कालच्या सरावाचा व्हिडिओ तनिष दुबईजवळच्या अजमानमधल्या आपल्या घरी सकाळपासून तिसऱ्यांदा बघत होता. टिलनं घाम पुसायला हिरवी जर्सी वर ओढली होती आणि कॉलर उलटी झाली होती. आत, मानेपाशी, हिरव्या दोऱ्यानं काहीतरी टाचलेलं होतं.

"डाग आहे," तनिष म्हणाला.

"डाग नाही, टाके आहेत," दहा वर्षांची सान्वी टीव्हीला नाक लावून म्हणाली. ती तनिषची धाकटी बहीण, पण नजर घारीची! "एक तिरकी रेघ. तिच्यावर फुल्या. एक, दोन, तीन, चार."

जोआना उठली, जिन्यानं एक मजला खाली आपल्या घरी गेली आणि शाळेचा पांढरा शर्ट घेऊन धापा टाकत परत आली. तिनं कॉलर उलटी केली.

एक तिरकी रेघ. तिच्यावर चार फुल्या. हिरवा दोरा.

"ओ माय गॉड!" तनिष पुटपुटला. "सेम टू सेम!"

ते केळीचं पान होतं. जोआनाच्या डॅडींचं, क्रिस्टोफर तुस्कानोंचं गाव वसईतलं. तिथे त्यांच्या घरामागे केळीची वाडी होती. तरुणपणी ते मुंबईतल्या एका लाँड्रीत कामाला लागले. कुणाचा कपडा कुणाचा हे कळावं म्हणून तिथे प्रत्येकाच्या कपड्याला दोऱ्यानं वेगळी खूण करायचे. पुढे दुबईच्या मोठ्या हॉटेलात ते लाँड्री सुपरवायझर झाले, तरी हाताची सवय गेली नाही. जोआनाच्या प्रत्येक कपड्याला त्यांनी केळीचं पान टाचलं होतं. "ही खूण जगात एकाच माणसाची," ते म्हणायचे.

सप्टेंबरमध्ये डॅडी गेले. सकाळी आठची कंपनीची बस पकडून ते कामावर गेले आणि अकरा वाजता हॉटेलातून फोन आला. हार्ट अटॅक. लाँड्रीतच.

"एकाच माणसाची म्हणाले होते," जोआना म्हणाली. "मग माझी खूण त्याच्याकडे कशी?"

तनिषनं बहिणीकडे बघितलं. सान्वीनं सोफ्याखाली हात घालून रिमोट काढला आणि व्हिडिओखालची माहिती मोठ्यानं वाचली. टीम कुठल्या हॉटेलात उतरलीय, तेही त्यात होतं.

"जोआना, हे तर अंकलचं हॉटेल!"

"माझे जर्मन आले!" डॅडी दर जानेवारीत असं म्हणायचे ते जोआनाला एकदम आठवलं. त्या दहा दिवसांत ते उशिरा घरी यायचे, दमलेले पण खुशीत असायचे. कोण जर्मन, काय जर्मन, तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिला फुटबॉलमध्ये रस नव्हता. कार्टून बघता बघता तिनं एकदा "हं" म्हटलं होतं. तेवढंच.

संध्याकाळी मम्मा क्लिनिकच्या रिसेप्शनवरून दमून आली. जोआनानं तिला चहा दिला आणि हळूच विचारलं, "मम्मा, डॅडींनी माझी खूण आणखी कुणाला दिली होती?"

मम्माचा, जोसेफिनचा, कप तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "नाही गं. ती तुझी एकटीची."

"आणि डॅडींच्या त्या जर्मन लोकांना माहीत आहे का, की..."

"मी हॉटेलच्या ऑफिसला मेल केली होती. त्यांना कळवा म्हणून." मम्मा उठली. "खलास. आता तो विषय नको, बाळा. मला नाही झेपत."

बेडरूमचं दार लागलं. आतून कसलाच आवाज आला नाही, आणि जोआनाला त्याचीच जास्त भीती वाटली.

तनिषनं रात्री जेवणाआधी मेसेज पाठवला. "उद्या शनिवार. चार वाजता ओपन ट्रेनिंग. प्लेयर्स ऑटोग्राफ देणार. बाबा उद्या ऑफिसला जाणार आहेत आणि ग्राउंड त्यांच्या ऑफिसपासून तीन सिग्नल पुढे. यल्ला, निघायचं?"

जोआनानं लिहिलं, "यल्ला."

* * *

"गार्डनमध्येच खेळायचं, बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही!" तनिषच्या बाबांनी, मुरलीधरकाकांनी, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आपल्या ऑफिसखाली तिघांना बजावलं. "मी साडेपाचला खाली येतो. सोमवारी शाळा सुरू, म्हणून शेवटचा लाड करतोय. कळलं?"

"येस, बाबा!"

काका लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टचं दार बंद झालं आणि तिघं निघाले. तनिषच्या अंगात ग्रुनहाफेनची हिरवी जर्सी होती, सान्वीच्या गळ्यात मोबाइल, आणि जोआनाच्या बॅगेत शाळेचा शर्ट.

"पकडले गेलो तर बाबा एक महिना वायफाय बंद करतील," तनिष म्हणाला.

"मग तू अभ्यास करशील," सान्वी म्हणाली. "बिचारा अभ्यास! घाबरून पळून जाईल."

एरवी जोआना खळखळून हसली असती. आज ती नुसतं भराभर चालत होती.

ग्राउंडवर शंभर-दीडशे लोक होते. कुंपणाच्या जाळीपलीकडे खेळाडू धावत होते. सूट घातलेला, हातात वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस सगळ्यांना सूचना देत होता. छातीवरच्या पट्टीवर हॉटेलचं नाव होतं आणि खाली "अर्श, गेस्ट रिलेशन्स".

"लिसन, लिसन! नो क्वेश्चन्स! प्लेयर्सशी बोलायचं नाही. जर्सी या बॉक्समध्ये टाका, सही होऊन परत मिळेल. ओन्ली जर्सी!"

जोआनानं धीर केला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सर, मला गोलकीपरला फक्त एक प्रश्न विचारायचाय. वन क्वेश्चन. इम्पॉर्टंट आहे."

"बेटा, सबका इम्पॉर्टंट होता है."

"हॉटेलच्या लाँड्रीतल्या क्रिस्टोफरबद्दल आहे, सर."

अर्श सरांनी वॉकीटॉकीवरून नजर वर केली, पण तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "कौन, लाँड्रीवाला क्रिस्टोफर? वो तो रिझाइन करके इंडिया चला गया. टीमलाही तेच सांगितलंय आम्ही. चलो, साइड में!"

जोआना जागच्या जागी खिळली.

रिझाइन करून! डॅडींना इंडियात नेलं होतं खरं. विमानाच्या पोटात, लाकडी पेटीतून. वसईच्या चर्चमागच्या कबरस्तानात तिनं स्वतः त्यांच्यावर मूठभर माती टाकली होती. आणि हा माणूस म्हणत होता, रिझाइन करून!

"तो खोटं बोलतोय," तनिष दात ओठ खात म्हणाला. "मी जाऊन सांगतो त्याला!"

"नको." जोआनानं त्याचा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज एकदम थंड होता. "त्याला सांगून काय होणार? टिलला कळायला हवं. मला माझा शर्ट त्या बॉक्समध्ये घालायचाय."

"तो म्हणाला, ओन्ली जर्सी."

"मग जर्सीच टाकू," सान्वी म्हणाली. "दादा, काढ!"

"इथे? सगळ्यांसमोर?"

"आत टीशर्ट आहे ना तुझा! काढ म्हणते ना!"

तनिषनं कुरकुरत जर्सी काढली. जोआनानं शाळेचा शर्ट तिच्यात घालून घडी घातली, पण शर्टाची पांढरी कॉलर उलटी करून वरच ठेवली, खूण दिसेल अशी. आता ती कॉलर अर्श सरांना दिसायला नको होती!

ते काम सान्वीनं अंगावर घेतलं. ती मोबाइल नाचवत त्यांच्यापुढे गेली आणि निरागस चेहरा करून म्हणाली, "सर, तुम्ही टीमचे कोच आहात का? तुमच्यासोबत एक सेल्फी, प्लीज!"

"मी? नो नो, कोच नहीं..." अर्श सरांनी टाय सरळ केला. "लेकिन हां, पूरा कॅम्प मैं ही संभालता हूं."

"वॉव! मग जरा इकडे वळा ना. उन्हाकडे तोंड करा. अजून थोडं. हसा!"

अर्श सर बॉक्सकडे पाठ करून हसले. जोआनानं घडी बॉक्समध्ये टाकली. दोनच मिनिटांत एका मदतनीसानं बॉक्स उचलला आणि आत खेळाडूंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मग फक्त वाट बघणं उरलं. तिघं जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. एक जर्सी, दुसरी जर्सी. सही, हसणं, पुढची जर्सी. टिल टेबलाच्या टोकाला बसला होता. उंच, दाढीवाला, नाकावर जुन्या जखमेचा व्रण. त्यानं हिरवी घडी पुढ्यात ओढली आणि पेनचं टोपण काढलं.

पेन हवेतच राहिलं.

त्यानं पांढरी कॉलर दोन बोटांत धरली. अंगठा त्या टाक्यांवरून फिरवला. मग खुर्ची मागे ढकलून तो उठला आणि शर्ट हातात घेऊन जाळीच्या कडेकडेनं चालायला लागला. एकेका मुलाच्या चेहऱ्याकडे बघत, काहीतरी विचारत. लोक आपापली जर्सी पुढे करत होते, पण तो बघतही नव्हता.

तो जवळ आला तेव्हा त्यांना शब्द ऐकू आला.

"ब्लाट? ब्लाट?"

"म्हणजे काय?" सान्वी कुजबुजली.

तनिषनं झटकन मोबाइलवर शोधलं आणि त्याचा चेहराच बदलला. "पान. जर्मनमध्ये पान."

जोआनानं हात वर केला. शाळेत उत्तर देताना करतात तसा. "मी," ती म्हणाली. "माझा शर्ट आहे तो."

* * *

जाळीचं फाटक उघडलं. अर्श सर "सर, सर, प्रोटोकॉल!" करत धावत आले, पण टिलनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं कुणाला तरी हाक मारली आणि टीमच्या सामानाच्या ट्रॉलीमागून एक म्हातारा लंगडत आला. पांढऱ्या मिशा, डोक्यावर हिरवी टोपी. हा योखेन. टीमचे कपडे, बूट, मोजे, सगळं सांभाळणारा माणूस.

दोघांचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण समजत होतं.

"तू क्रिस्टोफरची मुलगी," योखेन म्हणाला. "कुठे आहे तो? न सांगता का गेला? मी मेसेज केले. ख्रिसमसला फोन केला. फोन बंद. बारा वर्षांची दोस्ती, आणि एक शब्द नाही! मी रागावलोय त्याच्यावर. सांग त्याला. दर वर्षी मी त्याच्यासाठी माझ्या बायकोनं केलेला केक आणतो. या वर्षी नाही आणला. मुद्दाम नाही आणला!"

जोआना पुढे झाली. तनिष एका बाजूला आला, सान्वी दुसऱ्या. सान्वीनं तिच्या मुठीत आपली बोटं घातली.

"ते रिझाइन करून गेले नाहीत," जोआना म्हणाली. "माझे डॅडी वारले. सप्टेंबरमध्ये. लाँड्रीतच. मम्मानं तुम्हाला कळवायला सांगितलं होतं. पण कुणी कळवलंच नाही."

योखेननं ते ऐकलं. मग त्याला ते कळलं. या दोन्हींमध्ये थोडा वेळ गेला. तो बर्फाच्या पेटीवर मटकन बसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला.

"आणि मी केक नाही आणला," तो म्हणाला. मग तोच म्हातारा, सगळ्या टीमदेखत, लहान मुलासारखा रडायला लागला.

जोआनाला खूप रडू येत होतं. पण त्याआधी तिला उत्तर हवं होतं. तिनं टिलकडे वळून विचारलं, "ही खूण माझी आहे. फक्त माझी. डॅडी तसंच म्हणायचे. मग त्यांनी तुम्हाला का दिली?"

टिल तिच्यासमोर गवतावर खाली बसला, म्हणजे दोघांचे चेहरे समोरासमोर आले.

"त्यांनी दिली नाही. मी मागितली," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी मी वीस वर्षांचा होतो. पहिलाच कॅम्प. टीममध्ये कुणी माझ्याशी बोलायचं नाही. एकदा मी माझा हरवलेला टॉवेल शोधत लाँड्रीत गेलो. क्रिस्टोफर इतक्याशा फ्रॉकवर हिरवा दोरा टाचत होता. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, मला मुलगी झालीय. तीन महिन्यांची आहे, इंडियात. मी तिला अजून पाहिलेलं नाही. तिची खूण करून फ्रॉक पाठवतोय."

जोआना श्वास रोखून ऐकत होती. ती चौदा महिन्यांची होईपर्यंत डॅडींना तिला भेटता आलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. पण ते कुणी असं सांगितलं नव्हतं.

"मी म्हणालो, माझ्या शर्टलाही कर. तू तिला भेटेपर्यंत मी सांभाळतो. तो आधी नाही म्हणाला. म्हणाला, ही एकाच माणसाची असते. मी म्हणालो, मी फक्त सांभाळणार. मग त्यानं केली. त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा टीमकडून खेळलो. मग सगळ्यांनाच खुणा हव्या झाल्या. कुणाला मासा, कुणाला होडी, कुणाला शिडी. क्रिस्टोफरनं योखेनला शिकवलं. आता जर्मनीतही प्रत्येक जर्सीला ती असते. स्टेडियममध्ये वीस हजार लोक येतात. त्यांच्यातल्या एकालाही हे माहीत नाही."

त्यानं पांढरा शर्ट जोआनाच्या हातात दिला.

"तू अजमानला राहायला आलीस तेव्हा मी विचारलं, आता परत करू का? क्रिस्टोफर म्हणाला, राहू दे. दोन माणसं तिला सांभाळतील. दर जानेवारीत आल्यावर मी पहिल्यांदा हेच विचारायचो, पान कसं आहे? मग तो सांगत बसायचा. तुझा पडलेला दात. गणितातले मार्क. तुला फुटबॉल आवडत नाही हेसुद्धा!"

आणि मग जोआना रडली. सप्टेंबरपासून पाहुण्यांपुढे, शाळेत, मम्मापुढे आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मी कधी विचारलंच नाही त्यांना," ती हुंदके देत म्हणत होती. "ते सांगायला यायचे, आणि मी टीव्ही बघायचे!" टिलनं तिला गप्प केलं नाही. तो नुसता बसून राहिला. मागे सगळी टीम सह्या सोडून उभी होती. सान्वीही रडत होती आणि तनिष आपण रडत नाही असं दाखवत आकाशाकडे बघत होता.

* * *

"तनिष! सान्वी!"

मुरलीधरकाका कुंपणाजवळून ओरडत आले. मुलं गार्डनमध्ये नाहीत म्हटल्यावर त्यांनी तनिषच्या मोबाइलचं लोकेशन बघितलं होतं. त्याआधी घाबरून जोसेफिनला फोनही केला होता. ती क्लिनिकच्या मैत्रिणीच्या गाडीतून तशीच युनिफॉर्ममध्ये आली, अर्ध्या-पाऊण तासानं. तोवर काकांना सगळं कळलं होतं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता.

जोसेफिन मात्र फाटकातून तरातरा आत आली. "जोआना! जीव गेला माझा! तुला कळतं का..."

तिच्यापुढे योखेन उभा राहिला होता. टोपी हातात, मिशा ओल्या. त्यानं आपल्या शर्टाची कॉलर उलटी केली. आत हिरवी छोटी किल्ली टाचलेली होती.

जोसेफिननं ते टाके ओळखले. नवऱ्याचा हात होता तो. शेवटची फुली नेहमी जरा मोठी पडायची. तिनं त्या फुलीला बोट लावलं.

"मॅडम," अर्श सर मागून चाचरत म्हणाले. आता त्यांच्या हातात वॉकीटॉकी नव्हता. "तुमची मेल आली होती. मी वाचली होती. मला वाटलं, गेस्ट लोक सुट्टीला, प्रॅक्टिसला येतात, त्यांना असली बातमी कशाला? म्हणून मी... सॉरी. बहुत बडी गलती हो गई."

"सोळा वर्षं तो तुमच्या हॉटेलात होता," जोसेफिन म्हणाली. ती ओरडली नाही. "सोळा वर्षं. निदान तो मेला, एवढं तरी खरं सांगायचं."

अर्श सरांनी मान खाली घातली. मग ते जोआनाकडे वळले. "बेटा, मी पूर्ण कॅम्प संभालतो म्हणालो होतो ना? आज ते तुम्ही तिघांनी केलं. माझी चूक मी जनरल मॅनेजरना स्वतः सांगेन, आज."

निघताना योखेननं वसईच्या चर्चचं नाव एका कागदावर लिहून घेतलं. अक्षर न् अक्षर विचारून. "माझी रिटायरमेंट जूनमध्ये," तो जोसेफिनला म्हणाला. "मी येणार. तुमची मुलगी शूर आहे. आम्हाला एका दोस्तावर उगाच रागावून जगायला लागलं असतं. तिनं वाचवलं."

परतीच्या वाटेवर मुरलीधरकाका गाडी चालवत होते. जोसेफिन त्यांच्या शेजारी, तिघं मागे. अंधार पडला होता आणि शारजाच्या दिशेनं नेहमीसारखीच गाड्यांची रांग लागली होती.

"मला न सांगता रस्ते ओलांडलेत, त्याची शिक्षा होणार," काका म्हणाले. "वायफाय एक आठवडा बंद."

"फक्त एक आठवडा?" तनिष चकित झाला.

"हो. कारण माझी मुलं इतकी हुशार आहेत हे मला माहीत नव्हतं. आणि मैत्रिणीसाठी इतकी धावतील हेही." त्यांनी घसा खाकरला. "शाब्बास रे!"

जोसेफिननं मागे हात केला. जोआनानं तो पकडला.

"बाळा," मम्मा म्हणाली. "मला पहिल्यापासून सांग. तो काय म्हणाला डॅडींबद्दल? एकही शब्द गाळू नकोस."

"तुला झेपेल?"

"नाही. पण सांग."

जोआनानं सुरुवात केली. व्हिडिओ, कॉलर, सान्वीचा सेल्फी. "उन्हाकडे तोंड करा!" सान्वीनं आवाज काढून दाखवला तेव्हा मम्मा चक्क हसली. मग लाँड्री आली, इतकासा फ्रॉक आला, तीन महिन्यांची मुलगी आली. जोआनाचा आवाज फुटायला लागला तेव्हा तनिषनं पुढचं सांगितलं, तो अडखळला तेव्हा सान्वीनं.

अजमानचा एक्झिट आला आणि गेला. काका सरळच चालले होते. एका हातानं ते चष्म्याखालून डोळे पुसत होते.

"अरेरे! चुकलाच की एक्झिट! सॉरी हं, जोसेफिनताई. पुढून वळवतो."

"राहू द्या, मुरलीभाऊ," जोसेफिन म्हणाली. तिनं लेकीचा हात सोडला नव्हता आणि गालांवरून ओघळणारं पाणीही पुसलं नव्हतं. "वळू नका इतक्यात. अजून थोडं पुढे जाऊ या. तिचं सांगून व्हायचंय."